गेममधला बांध

योगेंद्र नेमकं काय काम करतो हे त्याच्या गावात कुणालाच धड सांगता येत नसे, आणि जो सांगायला जाई तो ऐकणाऱ्याला आणखी बुचकळ्यात टाकी. त्याचे वडील निंबा नाना म्हणत, "जळगावले ऱ्हास. कॉम्प्युटरवर दुकानं बांधी देस लोकस्ले." तसं पाहिलं तर यात खोटं काही नव्हतं. मेहरूणला तलावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक खोली भाड्यानं घेऊन योगेंद्र आपल्या एकट्याच्या जिवावर धंदा करी. कुणाची वेबसाइट, कुणाचा लोगो, कुणाच्या भरीत सेंटरचं मेनूकार्ड. पण पारोळ्याच्या पलीकडे आपल्या गावी गेला, की लोक बंद पडलेले प्रिंटर, मिक्सर आणि एकदा तर विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर घेऊन दारात उभे राहत. ज्याला वायर आहे ते सगळं योगेंद्रच्या खात्यात, असा गावाचा समज होता, आणि तो मोडण्यापेक्षा स्टार्टर दुरुस्त करणं सोपं पडे.

धंद्यात त्यानं एक विद्या मात्र पक्की कमावली होती. गिऱ्हाइकाशी वाद घालायचा नाही. केळीचे वेफर्स विकणाऱ्या हितेंद्रशेठना वेबसाइटवर आपला लोगो दणदणीत मोठा हवा होता. कारखाना सांभाळणाऱ्या त्यांच्या बायकोला, सुलक्षणाताईंना, तो लहान आणि नाजूक हवा होता. दोघांचं एकमत होईना आणि वेबसाइट पुढे सरकेना. तेव्हा योगेंद्रच्या लक्षात आलं की शेठचा फोन पाटाएवढा आहे आणि ताईंचा तळहाताएवढा. मग त्यानं अशी तजवीज केली, की मोठ्या पडद्यावर लोगो मोठा दिसावा आणि लहान पडद्यावर लहान. दोघंही खूश झाले. दोघंही एकमेकांना ऐकवू लागले, "बघ, शेवटी माझंच ऐकलं त्यानं." नवरा-बायको एकमेकांच्या फोनमध्ये डोकावत नाहीत, या एका भरवशावर ती वेबसाइट आजही चालू आहे.

हीच विद्या तो घरच्यांवर चालवायला गेला आणि तोंडघशी पडला, त्याची ही गोष्ट.

योगेंद्रला एक नाद होता. पत्त्यांचा नाही, तंबाखूचा नाही, शेतीच्या एका गेमचा. शेतकऱ्याच्या पोरानं शेती सोडून जळगाव गाठावं आणि तिथं भाड्याच्या खोलीत बसून पडद्यावर नांगरट करावी, याला काय म्हणावं ते वाचकांनीच ठरवावं. गेम मूळचा परदेशी. त्यातली शेतं अवाढव्य, रस्ते गुळगुळीत, गाई अंघोळ करून आल्यासारख्या, आणि ट्रॅक्टर घेऊन निघालेल्या माणसाला कुणी 'कुठं चालला' म्हणून विचारत नाही. ही शेवटची गोष्ट योगेंद्रला फारच खटकली. असल्या गेमांमध्ये ज्याला कसब आहे त्याला आपल्या मनासारखी भर घालता येते. त्याला ती मंडळी मॉड म्हणतात. योगेंद्रनं मॉड करायला घेतला आणि करता करता त्या परदेशी जमिनीवर आपलं गावच वसवलं. कपाशी आली, एसटीचा थांबा आला, त्या थांब्यावरचा उचकटलेला पत्रा आला, रस्त्यात मधोमध बसणारी म्हैस आली.

आणि पारावर जीवराम आबा आले. योगेंद्रचे आजोबा. आबांना जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण धाकट्या मुलाच्या, म्हणजे प्रेमराज आप्पांच्या, लग्नाच्या जुन्या कॅसेटमध्ये त्यांचा आवाज सापडला. ऐन मांडवातून कुठंतरी निसटू पाहणाऱ्या आपल्या दोन्ही मुलांना ते विचारत होते, "कोठे चालनात रे दोन्ही?" तेवढंच वाक्य योगेंद्रनं कापून घेतलं आणि पारावरच्या आबांच्या तोंडी घातलं. पारापासून ट्रॅक्टर निघाला की आबा विचारणार, आणि 'वावरमा', म्हणजे शेतात, असं लिहिलेलं बटण दाबल्याशिवाय ट्रॅक्टर हलणार नाही. साऱ्या मॉडमध्ये योगेंद्रचा जीव या एका गोष्टीत होता. पण गेम उघडला की माणूस थेट ज्याच्या-त्याच्या शेतातल्या शेडपाशी उतरे, त्यामुळे पाराकडे फिरकायचं कुणाला कारणच पडत नसे.

आता शेताचं सांगायला हवं. आबांच्या मागे शेताचे दोन भाग झाले. थोरले निंबा नाना गावात राहून आपला भाग कसत. धाकटे प्रेमराज आप्पा एसटीत ड्रायव्हर होते. निवृत्त होऊन ते धुळ्याला देवपुरात मुलाजवळ, तेजसजवळ, राहत आणि आपला भाग बटाईनं देत. मध्ये बांध, बांधावर आंबा. आप्पांचं म्हणणं, नाना दर साली नांगरताना बांध आपल्या बाजूनं कोरतात. नानांचं म्हणणं, बांध पावसानं झिजतो आणि पाऊस काही त्यांच्या सांगण्यावरून पडत नाही. यावरून दोघा भावांचं बोलणं बंद झालं होतं. अगदी बंद म्हणता येणार नाही, कारण एका ओसरीत समोरासमोर बसूनही ते मध्ये एखादा माणूस धरून 'त्याले सांग' म्हणून बोलत. मधला माणूस नुसता मान इकडून तिकडे हलवी.

एवढं असूनही श्रावणात कानबाई या कुळदेवीच्या सणाला मात्र सगळे भाऊबंद एकत्र यायलाच हवेत. त्यांच्या घरची रीतच तशी. घरातल्या एकेका पुरुषमाणसाच्या नावानं मूठ-मूठ गहू घ्यायचे, त्यांचे रोट करायचे, आणि ते त्याच कुळातल्या माणसांनी खाऊन संपवायचे. बाहेरच्याला द्यायचे नाहीत, टाकायचे तर मुळीच नाहीत. मागच्या वर्षी आप्पा रुसून आले नाहीत. नानांनी हट्टानं भावाच्या वाटणीचे रोटही आपणच खाल्ले आणि मग अंथरूण धरलं. योगेंद्रची आई झुंबरबाई यंदा धुळ्याला खेटे घालून दिराला कसंबसं कबूल करून आल्या होत्या. दोघं भाऊ एका पंगतीला बसलेले पाहायचे, एवढी एकच गोष्ट त्यांनी या वर्षी कानबाईपाशी मागितली होती.

आणि नेमक्या त्याच दिवसांत योगेंद्रला हौस आली. त्यानं आपला मॉड तेजसला पाठवला. धुळ्याला तेजसचं मोबाइलचं दुकान होतं आणि घरी भिंतीएवढा टीव्ही होता. त्यानं आपल्या लॅपटॉपवरून गेम टीव्हीवर लावला आणि कौतुकानं वडिलांना हाक मारली. आप्पांनी शेत पाहिलं, शेड पाहिली, बांध पाहिला, आणि फोन उचलला.

"योग्या," ते म्हणाले, "तुन्हा बापनी वावरमा बांध कोरा ते कोरा, आते टीव्हीमाबी कोरा?"

"आप्पा, हाऊ गेम शे, खेय शे. सातबारा नही."

"खेय शे तं मंग मन्हंच वावर का बारीक व्हयनं? त्यानं का नही व्हयनं?"

 खरं म्हणजे चूक योगेंद्रचीच होती. उपग्रहाच्या चित्रात आंब्याच्या सावलीखाली बांध दिसतच नव्हता, म्हणून त्यानं तो अंदाजानं ओढला होता. पण 'अंदाजानं' हा शब्द बांधाच्या बाबतीत खानदेशात चालत नाही.

"मी काही येत नही कानबाईले," आप्पा म्हणाले. "सांगी दे त्याले."

योगेंद्रनं गावी जाऊन सांगितलं. नाना बाजेवर पडल्या पडल्या म्हणाले, "नको येऊ म्हना. मी खाई लिसू त्याना वाटाना रोट."

"मागला साले खादात," झुंबरबाई आतून म्हणाल्या, "अन् मंग ओवा कोन फाकी ऱ्हायंता?" मग त्या बाहेर आल्या आणि मुलासमोर उभ्या राहिल्या. "तुन्हा कॉम्प्युटरनी हाई भांडन लाई दिधं. आते तुन्हा कॉम्प्युटरच ते मिटाडी."

योगेंद्र लॅपटॉप घेऊन धुळ्याला गेला. आप्पा टीव्हीपुढे खुर्ची टाकून त्याची वाटच पाहत बसले होते. योगेंद्रनं बांध नानांच्या बाजूला सरकवला. आप्पा म्हणाले, आजून. त्यानं आणखी सरकवला. आप्पा डोळे बारीक करून, घाटात समोरून येणाऱ्या ट्रकचा अंदाज घ्यावा तसा अंदाज घेत राहिले. मग म्हणाले, आंबा इकडेच होता. योगेंद्रनं आंबा इकडे आणला. विहिरीची पायवाट, कडुनिंबाची सावली, सगळं आप्पांच्या मनासारखं झालं. हितेंद्रशेठच्या लोगोवर त्याचा जेवढा वेळ गेला नसेल तेवढा त्या आंब्यावर गेला. शेवटी आप्पा मागे रेलले आणि बायकोला, योगेंद्रच्या काकूला, म्हणाले, चहा टाक. चहा आला म्हणजे काम झालं, एवढं योगेंद्रला धंद्यातून कळत होतं.

गावी परतल्यावर जेवताना नानांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "काय काय मांगं त्यानी?" आणि मग, "देखाड बरं." इतके दिवस ज्याला ते पोरस्ना खेय म्हणत होते, तो त्यांनी ताटावर बसूनच पाहिला. आंबा कुठं गेला हे त्यांना लगेच दिसलं.  त्यांनी भाकरीचा उरलेला तुकडा ताटात ठेवला, हात धुतला आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. झुंबरबाईंनी मुलाकडे अशा नजरेनं पाहिलं, की त्याला ताटावरून उठवेनाही आणि बसवेनाही.

इथंच योगेंद्रला वेफर्सवाल्यांची वेबसाइट आठवली आणि त्याचा घात झाला. आप्पा पाहणार धुळ्याच्या टीव्हीवर, नाना पाहणार गावातल्या लॅपटॉपवर. दोन पडदे, दोन माणसं, आणि दोघांमध्ये बोलणं नाही. यापेक्षा चांगली सोय कुठं मिळणार? त्यानं त्याच बैठकीत मॉडची दुसरी प्रत काढली. तिच्यात बांध आप्पांच्या बाजूला ढकलला, आंबा नानांकडे आणला, आणि आपला जुना लॅपटॉप नानांना गावातच देऊन टाकला. नानांनी दुसऱ्या दिवशी सकाळी तो उघडून पाहिला आणि चहा मागितला. झुंबरबाई समाधानानं गहू निवडायला बसल्या. त्यांनी दिराच्या घरच्या पुरुषांच्या नावानंही मुठी घेतल्या.

कानबाईचा रविवार उजाडला. घर सारवून, धुऊन लख्ख झालं होतं. चौरंगावर नथ घातलेली कानबाई बसली होती आणि स्वयंपाकघरातून पुरणाचा वास ओसरीपर्यंत येत होता. आप्पा आले. तेजस सोबत होता, त्याच्या खांद्यावर लॅपटॉपची बॅग होती. आप्पा ओसरीच्या या टोकाला बसले, नाना त्या टोकाला. दोघांच्याही मिशीत हसू होतं. पोरानं शेवटी आपलंच ऐकलं, हे दुसऱ्याला ठाऊक नाही याची मजा दोघंही मनातल्या मनात घेत होते. आप्पा तर चक्क म्हणाले, "वहिनी, पुरनना वास भारी शे." झुंबरबाईंनी देवीकडे पाहून हात जोडले.

तेवढ्यात तेजसनं बॅग उघडली.

"दादा," तो योगेंद्रला म्हणाला, "यात दोघं एकत्र खेळू शकतात ना? नाना तुमच्या लॅपटॉपवर, आप्पा माझ्या. आज दोघा भावांना एकाच गावात उतरवू. तिकडे धुळ्याला आई पण फोनवर बघेल."

 योगेंद्र म्हणाला, नेट नाही. तेजसनं आपल्या फोनचं नेट लावलं. तो म्हणाला, लाइट जाईल. तेजस म्हणाला, बॅटरी भरलेली आहे. तो म्हणाला, आधी जेवून घेऊ. नाना म्हणाले, "कर ना रे, पोरगा म्हनी ऱ्हायना तं." नानांना आपला आंबा भावाला दाखवायचा होता. आप्पांनाही तेच दाखवायचं होतं.

तेजसनं दोन्हीकडे गेम जोडायला घेतला. गेमनं जरा विचार केला आणि नकार दिला. तेजस दिवसभर दुकानात गिऱ्हाइकांना फोनवरच्या सूचना वाचून समजावतो, त्यामुळे त्यानं ही सूचनाही सवयीनं मोठ्यांदा मराठीत सांगितली. "दोघांचे नकाशे जुळत नाहीत, असं म्हणतोय."

"का बरं जुयत नहीत?" आप्पा म्हणाले.

तेजसनं दोन्ही लॅपटॉप ओसरीवर शेजारी शेजारी ठेवले. नाना त्या टोकावरून उठून आले, आप्पा या टोकावरून. एका पडद्यावर आंबा या अंगाला, दुसऱ्यावर त्या अंगाला. बांध एकात इकडे, एकात तिकडे.  आत झुंबरबाईंच्या हातातला झारा थांबला.

"योग्या," शेवटी नाना म्हणाले, "आंबा चालस का रे?"

योगेंद्रला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आप्पांनी खुंटीवरची टोपी काढली आणि डोक्यावर घातली. "तेजस, गाडी काढ."

झुंबरबाई ताट घेऊन दारात आल्या होत्या. त्यांनी दिराकडे पाहिलं, त्याच्या टोपीकडे पाहिलं, आणि ताट खाली ठेवलं. आईचा तो चेहरा पाहून योगेंद्रच्या मनात आलं, की जगातल्या सगळ्या वेबसाइटी बंद पडल्या तरी चालतील, पण हे ताट असं राहता कामा नये. तो दारात आडवा उभा राहिला.

"चूक मन्ही शे, आप्पा. दोन्हीस्ले खूश कराले गऊ. बांध कोठे शे ते माले माहीत नही. तुम्ही दोन्ही मिळीसन सांगा, मी तठे टाकस. एकच नकाशा ऱ्हाई."

"त्याले सांग," आप्पा टोपी न काढता म्हणाले, "बांध आंबाना पल्याड व्हता."

"त्याले सांग," नाना म्हणाले, "आंबा मन्हा हातना शे."

"त्याले सांग, पानी कोनी घालं?"

"त्याले सांग, एसटीमा बठीसन पानी घालता येत नही."

योगेंद्र मध्ये उभा राहून इकडून तिकडे मान हलवत होता. आंब्यावरून गोष्ट विहिरीवर गेली, विहिरीवरून कधीतरी मेलेल्या बैलावर गेली. बैलावरून ती कुठं जाणार होती हे झुंबरबाईंना पाठ होतं.

"तं मंग नको टाकू बांध," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, पण दोघंही थांबले. "यास्नं जव्हय ठरी तव्हय टाक. रोट थंडा व्हई ऱ्हायनात."

योगेंद्र मटकन खाली बसला. त्यानं बांध पुसला. दोन्ही भागांवरची मालकांची नावं पुसली. आंबा उरला, तो शेताच्या मधोमध. "तेवढ्यापुरतं," तो म्हणाला. तोच नकाशा त्यानं दोन्ही लॅपटॉपवर चढवला आणि गेम पुन्हा जोडला. या वेळी गेमनं कुरकुर केली नाही.

दोघं भाऊ पडद्यापुढे बसले ते काही प्रेमानं नव्हे. बांध नाही म्हटल्यावर दुसरा आपल्या भागात किती घुसतो यावर नजर ठेवायला बसले. पण शेत आता कुणाच्या नावावर नव्हतं, तेव्हा कुणाला कुठल्या शेडपाशी उतरवायचं ते गेमला कळेना. त्यानं दोघांनाही गावात उतरवलं, पारापाशी. दोन ट्रॅक्टर शेजारी शेजारी उभे राहिले. आप्पांनी पुढे जायचं बटण दाबलं. ट्रॅक्टर हलला नाही.

"कोठे चालनात रे दोन्ही?" आबांनी विचारलं.

आवाज जुना होता, जरा खरखरत होता, मागे सनईचा एक तुकडा होता. पण आवाज आबांचाच. नानांचा हात होता तिथंच राहिला. आप्पांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. झुंबरबाईंनी सासऱ्यांचा आवाज ऐकून न कळत डोक्यावर पदर घेतला.

ट्रॅक्टर हलेना तशी आबांनी पुन्हा विचारलं. योगेंद्र ते बटण दाखवायला पुढे झुकला.

"वावरमा, आबा," आप्पा म्हणाले. 'वावरमा'चं बटण त्यांनी दाबलंच नव्हतं, ते पडद्याशी बोलत होते. मग त्यांनी डोळे पुसले, चष्मा घातला, आणि बटण शोधून दाबलं. नानांनीही दाबलं.

शेत आता नाल्यापासून रस्त्यापर्यंत सलग पसरलं होतं. आप्पांनी आयुष्यभर एसटी हाकलेली, त्यांनी एका दमात नांगराचं सरळ तास ओढलं. नानांनी आयुष्यभर बैल हाकलेले. ते वळणावर ट्रॅक्टरला तोंडानं 'चाल चाल' म्हणत राहिले आणि बटण दाबायचं विसरले. ट्रॅक्टर सरळ जाऊन विहिरीत पडला.

"भाऊ," आप्पा ओरडले, "रिव्हर्स घे, रिव्हर्स."

 मध्ये कुणीच नव्हतं. ते थेट नानांना म्हणाले होते, आणि म्हणून गेल्यावर त्यांच्या स्वतःच्याही लक्षात आलं. नाना पडद्यावरची विहीर पाहत राहिले.

"इहिरमा काय रिव्हर्स घेवो रे," ते म्हणाले. "तू ये अन् काढ माले."

आप्पा सरकून जवळ बसले आणि भावाच्या हातावर हात ठेवून बटणं दाबू लागले. ट्रॅक्टर काही निघाला नाही. शेवटी झुंबरबाईंनीच दोन्ही लॅपटॉप मिटले आणि पाट मांडले. त्या वर्षी दोघांनीही रोट हट्टानं खाल्ले, एकमेकांच्या ताटात वाढून वाढून खाल्ले, आणि दोघांनाही झुंबरबाईंनी ओवा दिला.

जेवण झाल्यावर आप्पांनी लॅपटॉप पुन्हा उघडायला लावला. शेताच्या कडेला जिथं मालकाचं नाव दिसतं तिथली जागा कोरी होती. ते त्यांना बरं दिसेना. "हाई काय? मालकच नही?"

"कोनं नाव टाकू?" योगेंद्रनं विचारलं. या वेळी त्यानं एकालाच नाही, दोघांना विचारलं.

नानांनी भावाकडे पाहिलं. "जीवराम आबा लिख," आप्पा म्हणाले.

आता दर आठवड्याला धुळ्याहून फोन येतो. विहिरीला कठडा टाक, भाऊ दर डाव पडस त्यामा. गावाहूनही येतो. त्याना ट्रॅक्टरले एसटीना हॉर्न लायेल शे, तो काढ, म्हैस दचकस. योगेंद्र हितेंद्रशेठचं काम बाजूला ठेवून आधी हे बदल करतो. खरा बांध आहे तिथंच आहे, आणि पुढच्या नांगरटीला त्याचं काय होईल ते कानबाईलाच ठाऊक. गेममधला बांध मात्र नंतर टाकायचा म्हणून राहिला तो राहिलाच. कधी टाकू, असं दोघांपैकी कुणीही विचारत नाही, आणि योगेंद्रही विषय काढत नाही. गिऱ्हाइकानं न मागितलेलं काम तो करत नसतो.